पाचावर खूण, पाचावर धारण

संपादकांचा फोन आला. "सर, विद्यार्थ्यांना ऑनलाइन आवडतं की वर्गातलं, एवढंच लिहा. तांत्रिक नको." सव्वीस वर्षं शिक्षणशास्त्र शिकवतोय, आणि हा प्रश्न ऐकला की अजूनही कपाळावर आठी चढते.

गेल्या सत्रात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रश्नावली दिली. 'संगणक वापरताना मला आत्मविश्वास वाटतो' : १ ते ५ पैकी खूण करा. एकानं झोकात पाचावर केली. पंधरा दिवसांनी स्वाध्याय मूडल या ऑनलाइन वर्गप्रणालीवर टाकायचा होता. रात्री पावणेबाराला त्याचा फोन : "सर, फाइल कुठं सेव्ह झाली तेच सापडेना." पाचावर खूण करणाऱ्याची पाचावर धारण बसली होती! त्याच्या मागच्या बाकावरच्या मुलीनं दोनावर खूण केली होती. तिचा स्वाध्याय दोन दिवस आधीच जमा. विचारलं, तर म्हणाली, "एक्सेलची सूत्रं येत नाहीत ना सर, म्हणून दोन."

थोडं तांत्रिक होणारच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बॅन्ड्युरा यांनी १९७७ साली मांडलेला 'स्वक्षमतेवरचा विश्वास' त्या त्या कामापुरता असतो. विहिरीत सूर मारणारा समुद्रात उतरेलच असं नाही. म्हणून १९९५मध्ये दोन कॅनेडियन संशोधकांनी संगणकासाठी मोजपट्टी केली, तेव्हा दहाही विधानांना अट जोडली : शेजारी सांगणारं कोणी नसेल तर जमेल का? अडल्यावर कुणाला विचारता आलं तर?

आमच्याकडे मात्र 'ही पिढी मोबाइल घेऊनच जन्मली' एवढ्यावर चर्चा संपते. सत्कार समारंभात हे वाक्य ऐकलं की मी चहाकडे वळतो. लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१मध्ये अशा पिढीसाठी 'डिजिटल नेटिव्ह' हा शब्द रूढ केला. २००८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी पुरावे तपासले, तर अख्ख्या पिढीला सरसकट लागू पडावं असं त्यांत फारसं काही नव्हतं. शब्द मात्र चिकटला तो चिकटलाच. रील बनवणं आणि संदर्भसूची बनवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, हे किती वेळा सांगायचं?

आवडीचंही तसंच. रेकॉर्ड केलेलं व्याख्यान आवडतं म्हणणाऱ्या कितीतरी मुलांची सकाळची एसटी चुकते. ती आवड म्हणायची की अडचण? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली होती. त्या ४० टक्क्यांत कोण मागं पडेल, हे अशा खुणांवरून कसं ओळखणार?

आणि ती प्रश्नावली? माझीच होती. तेच विधान मी बरीच वर्षं वापरत आलो.

यंदा प्रश्न बदलला : 'शेजारी कोणी नसताना स्वाध्यायाची पीडीएफ करून मूडलवर टाकता येईल का?' पहिल्याच तासाला एका मुलानं हात वर केला.

"सर, कोणी नसताना म्हणजे... यूट्यूब धरायचं का?"

अजून ठरवतोय.