हाताला आठवतं, तोवर

अम्मी गेल्यावर चाळीस दिवसांनी तिचं कपाट आवरायला मी साताऱ्याहून मिरजेला गेले. साड्यांच्या खाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. त्यात पांढऱ्या दोऱ्याची गुंडी होती आणि अर्धवट विणलेली एक टोपी. क्रोशाची सुई अजून टाक्यात अडकलेली होती. ही टोपी ती अब्बांसाठी ईदला विणत होती.

आमच्या मोहल्ल्यात अम्मीच्या हातच्या टोप्या प्रसिद्ध होत्या. तिनं कधी विकल्या नाहीत. कुणाचा मुलगा कुरआन पूर्ण करायचा, कुणी हजला निघायचं, की हिची सुई सुरू व्हायची. मी बी.एड. करत असताना एकदा वही घेऊन तिच्याजवळ बसले होते. म्हटलं, टाके सांग, लिहून घेते. ती हसली. ‘‘लिखके क्या करती? हाथ को याद रहता.’’ मीही वही मिटली. पोरगी शिकतेय, अम्मी आहेच, घाई काय आहे, असं दोघींनाही वाटलं असणार.

मिरजेत वाढलेल्या माणसाला तिचं म्हणणं खोटं वाटणार नाही. इथे सतारी आणि तंबोरे बनतात. शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून चालत आलेलं हे काम दीडशे वर्षांहून जुनं आहे. पूर्वी हत्यारांना धार लावणारे हात तंतुवाद्यांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वाळलेला भोपळा कुठे कापायचा, जवारी कशी लावायची, हे तिथली पोरं बापाशेजारी बसून शिकत आली. कान आणि हात हीच त्यांची वही.

पण मग एक फरक माझ्या लक्षात आला. तो त्यांचा धंदा आहे. त्यावर घर चालतं, म्हणून मुलगा बापाशेजारी रोज बसतो. छंदाला असा शागीर्द कुठून मिळणार? अम्मी विणायची ती दुपारची भांडी झाल्यावर, अस्रच्या अजानपर्यंत. त्या वेळी मी शाळेत असायचे, नंतर कॉलेजात, नंतर सासरी. छंद ज्या फुरसतीत होतो, तिथे शेजारी कुणी नसतं. म्हणूनच छंद करणारी माणसं लिहू लागतात, असं मला आता वाटतं. त्यांचा शागीर्द कागदापलीकडे असतो.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. कमलाबाई ओगले कुंडलच्या. शिक्षण चौथीपर्यंतच. सासर सांगलीचं. 1970 साली त्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि मराठी घराघरांत गेलं. त्यांनी प्रमाण दिलं ते वाटी-चमच्याचं. ‘अंदाजानं मीठ’ हे सासूशेजारी उभ्या असलेल्या सुनेला कळतं. मुंबई-पुण्यात दोन खोल्यांत संसार मांडलेल्या मुलीला कळत नाही. हाताचा अंदाज वाटीत मोजून देणं, हे मला स्वयंपाकाइतकंच मोठं काम वाटतं.

मीही तेच करायचं ठरवलं. टोपी उसवली असती तर सगळं लगेच कळलं असतं. पण तो तिच्या हातचा शेवटचा दोरा. उसवायचं धैर्य झालं नाही. मग टाचणी लावून एकेक फेरी मोजली. पहिल्या फेरीत 12 खांब. पुढे प्रत्येक फेरीत 12 वाढवले की गोल सपाट राहतो. जास्त वाढवले तर झालर पडते, कमी वाढवले तर वाटी होते. दहाव्या फेरीत बरोबर 120 होते. अकराव्यात 132 हवे, तर भरले 126. मी तीनदा मोजले. बाराव्यात 132. तिथून पुढे वाढ बंद, सरळ खाली. वहीत मी लिहिलं : ‘अकरावी फेरी : अम्मीची चूक, सहा खांब कमी.’

चूक सुधारून मी स्वतः एक टोपी विणली. ती डब्याच्या झाकणासारखी झाली. वर सपाट, कडेला एकदम काटकोन. कुणाच्या डोक्यावर बसेना.

वहीच्या पानांची झेरॉक्स सांगलीच्या खालाला दाखवली. तिचे डोळे आता विणकामाला साथ देत नाहीत. मी वाचत गेले, ती बोटं हलवत ऐकत गेली. अकराव्या फेरीला तिनं मला थांबवलं. ‘‘गलती नै वो. वहाँ से टोपी उतरती.’’ सपाट भाग एकदम मोडू नये म्हणून दोन फेऱ्यांत वाढ निम्मी करायची, म्हणजे कड डोक्याच्या गोलाईनं वळते. अम्मीनं हे कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. वहीत ‘चूक’ हा शब्द मी खोडला नाही. त्याच्यापुढे खालाचं म्हणणं लिहिलं.

लिहायला सुरुवात केली ती अम्मीसाठी. सुरू ठेवलं ते मात्र विचारणाऱ्यांमुळे. शाळेतल्या सातवीच्या एका मुलीनं वही पाहून विचारलं, ‘‘मॅडम, बाराच का? दहा का नाहीत?’’ मला उत्तर देता येईना. घरी दहानं सुरू करून पाहिलं, गोल वाटीसारखा वर उचलला गेला. तेही लिहिलं. आणखी एका शिक्षिकेला बाळाची टोपी हवी होती, तिच्यासाठी लहान माप काढलं. एकटीच असते तर तिसऱ्या पानावर थांबले असते.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मी अम्मीची टोपी पुढे विणायला घेतली. चौदाव्या फेरीत तिची सुई जिथे थांबली होती, तिथूनच. ईदच्या सकाळी अब्बांनी ती घातली, आरशात पाहिली आणि काठावरून बोट फिरवलं. ‘‘इथून तुझं आहे,’’ म्हणाले.

जागा बरोबर होती. माझा हात घट्ट आहे, दोरा ओढला जातो. अम्मीचा सैल होता. दुपारी शीरखुर्म्याच्या वाट्या धुऊन झाल्यावर वही काढली आणि तेवढंच लिहिलं : ‘चौदाव्या फेरीपासून दोरा सैल धरावा.’