विल्सन व्याख्यानमाला

मुंबई विद्यापीठाची विल्सन भाषाशास्त्र व्याख्यानमाला डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाने सुरू झाली. हे स्कॉटिश मिशनरी 1829 मध्ये मुंबईत आले, पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1875 मध्ये वारले. भाषांचा अभ्यासक म्हणून त्यांचा लौकिक मोठा होता. पुतळ्यापेक्षा व्याख्यानमाला हे स्मारक त्यांना अधिक शोभले.

1877 मध्ये संस्कृतचे अभ्यासक रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी या मालेत सात व्याख्याने दिली. संस्कृतपासून सुरुवात करून पाली, प्राकृत, अपभ्रंश असा प्रवास करत ते मराठी, हिंदी, गुजराती या चालत्या-बोलत्या भाषांपर्यंत आले. ‘हस्त’चा ‘हत्थ’ आणि ‘हत्थ’चा ‘हात’, ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि पुढे ‘काम’ व्हावे, यामागे उच्चाराचे नियम असतात. बोलीला संस्कृताचा बिघाड समजणाऱ्या पंडितांना हे रुचणे अवघडच. (तो समज अजून गेलेला नाही, ही गोष्ट निराळी.) व्याख्याने मात्र इंग्रजीत होती, मराठीचा जन्म मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत सांगावा लागला.

पुढे गुजराती साहित्यिक नरसिंहराव दिवेटिया यांनी याच मालेत गुजराती भाषा आणि साहित्यावर व्याख्याने दिली.

बोललेला शब्द सभागृहातच विरतो. छापला तरच तो पुढच्या पिढीच्या हाती लागतो. भांडारकरांची व्याख्याने पुस्तकरूपाने 1914 मध्ये निघाली, म्हणजे दिल्यानंतर तब्बल 37 वर्षांनी.