आमचा फ्रिज थोडा करंट मारतो



दहावीच्या विज्ञान भाग १ मधला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा तुमच्यापैकी अनेकजण शिकवत असतील. घरातल्या वीजजोडणीचा भाग त्यात थोडक्यात येतो. वीजयुक्त तार, तटस्थ तार, अर्थिंग, फ्यूज, एमसीबी. खरं सांगायचं तर मीही बरीच वर्षं तो एका तासात उरकत आले. व्याख्या लिहून दिल्या, आकृती काढली, झालं.

एका पावसाळ्यात, गणपती पंधरा दिवसांवर असताना, मी वर्गात विचारलं, “एमसीबी कशासाठी असतो?” सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, “शॉक बसू नये म्हणून!” तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्याकडे एमसीबी आहे, तरी आमचा फ्रिज थोडा करंट मारतो. आई म्हणते, चप्पल घालून उघड.”

वर्ग हसला. मी विचारलं, “आणखी कुणाच्या घरी असं होतं?” कुणाची वॉशिंग मशीन, कुणाची पाण्याची मोटर, कुणाचं मिक्सर. बरेच हात वर आले. त्यात माझाही यायला हवा होता, कारण माझ्या घरची वॉशिंग मशीन ओल्या हाताला झिणझिण्या देत होती आणि मी तिला महिनाभर सहन करत होते. विज्ञान शिकवणारी बाई!

मग ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही फळ्यावर गणित मांडलं. घरातलं विभवांतर २३० व्होल्ट. भिजलेल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने धारा येते ०.२३ अँपिअर. घरातले एमसीबी असतात ६, १० किंवा १६ अँपिअरचे. आता तुम्हीच सांगा, ६ अँपिअरची वाट बघत बसलेल्या एमसीबीला पाव अँपिअर जाणवेल का? त्याच्या लेखी तुमचं शरीर म्हणजे लावलेला एखादा बल्ब. आणि माणसाला किती पुरते? १ मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या येतात. १० च्या जवळपास स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे धारा छातीतून काही काळ वाहिली तर हृदयाचं ठोक्यांचं गणित बिघडू शकतं. ९ वॅटचा साधा एलईडी बल्बसुद्धा ४० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. हे ऐकल्यावर वर्गात कुणी हसलं नाही.

म्हणजे फ्यूज आणि एमसीबी हे तारेचे राखणदार आहेत, माणसाचे नाहीत. तार तापून आग लागू नये म्हणून ते आहेत. आमच्या भिवंडी भागातल्या मुलांना हे पटकन कळतं, कारण अनेकांच्या घरचं कुणीतरी मागाच्या कारखान्यात कामाला असतं. एका मुलाने सांगितलं की फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये तांब्याचे तीन-चार पदर पिळून घालतात. उत्तम उदाहरण. उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. फ्यूजची तार वितळली नाही, तर भिंतीतली तार तापत राहणार. (घरी मात्र तोच मुलगा इस्त्री, मिक्सर आणि चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावतो. तेही त्यानेच सांगितलं.)

मग माणसाला कोण वाचवतं? इथे मुलं नेहमी अडतात: “बाई, एकाच तारेला हात लागला तर सर्किट पूर्ण कसं होतं? पक्षी तर तारेवर बसतो!” हा प्रश्न टाळू नका, सगळा धडा इथेच आहे. ट्रान्सफॉर्मरपाशी तटस्थ तार जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे जमीन हीच परतीची वाट बनते. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, जमिनीशी संबंध नाही. आपले पाय मात्र ओल्या फरशीवर. चप्पल घालायला सांगणारी ती आई भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चुकीची नव्हती, रबराने पायाची वाट अडते. पण दुसरा हात नळाला किंवा ओल्या भिंतीला लागला की चपलेचा उपयोग संपला.

अर्थिंगची तार यंत्राच्या धातूच्या बाहेरच्या भागाला जोडलेली असते. आत वीज गळाली तर तिला आपल्या शरीरापेक्षा कितीतरी सोपी वाट मिळते. वीजयुक्त तारच बाहेरच्या पत्र्याला चिकटली, तर या सोप्या वाटेने इतकी मोठी धारा धावते की एमसीबीही पडतो. तीन पिनी प्लगची वरची पिन लांब आणि जाड का? ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून. मुलांना खरा प्लग हातात द्या, आकृती नको.

पण बोर्डावर तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं मुळीच नाही. त्यामागे तारच नसते, हे अनेकदा घडतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे अर्थच्या जागी तटस्थ तारेचाच तुकडा जोडून देणं. बाहेर कुठे तटस्थ तार तुटली की फ्रिजचा सगळा पत्रा २३० व्होल्टवर. खड्ड्यातलं अर्थिंगही बघावं लागतं. कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवण्यासाठी. आमच्या अंजूरला पावसात भातखाचरं तुडुंब, जमीन ओलीच. पण मे महिन्यात तीच जमीन भेगाळते, तेव्हा खड्ड्यात पाणी ओतायला हवं.

दुसरा राखणदार आरसीसीबी. तो वीजयुक्त तारेतून गेलेली आणि तटस्थ तारेतून परत आलेली धारा सतत ताडून बघतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरपर्यंत फरक पडला, की सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात पुरवठा तोडतो. गेलेले पैसे आणि आलेला हिशोब जुळला नाही की दुकान बंद, असं मी सांगते. एक मर्यादा मात्र सांगाच: एका हातात वीजयुक्त आणि दुसऱ्या हातात तटस्थ तार धरली, तर त्याला हिशोब बरोबरच वाटतो.

त्या आठवड्याचा गृहपाठ मी असा दिला: घरच्या मोठ्यांबरोबर मुख्य बोर्ड बघा, आरसीसीबी आहे का शोधा, कुठलं यंत्र करंट मारतं ते लिहून आणा. टेस्टर लावायचा नाही, बोर्ड उघडायचा नाही, ते काम वायरमनचं. गणपतीच्या मखराच्या माळांचे जोड वडिलांकडून बघून घ्या. आणि कुणी चिकटलेलं दिसलं तर आधी मेन स्विच बंद. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर करायचं, हाताने नाही. मग १०८ ला फोन.

चार दिवसांनी ती मुलगी सांगत आली. वायरमनने बोर्ड उघडला, तर हिरवी तार आत होती, पण कापून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. घर बांधल्यापासून तशीच.

माझ्याकडे वेगळीच गंमत. मशीनचं अर्थिंग नीट झालं आणि नवा आरसीसीबी बसला, तर गिझर लावला की तो पडायचा. दोन दिवस अंघोळीचे वांधे. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, “खराब निघाला, काढून टाका.” क्षणभर मलाही पटलं होतं. मग गिझर उघडून घेतला. आतलं एलिमेंट फुटून पाण्यात वीज गळत होती, कधीपासून कोण जाणे. एलिमेंट बदललं. आता आरसीसीबी महिन्यातून एकदाच पडतो, मी स्वतः त्याचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबते तेव्हा.