रोग्यावांचून वैद्यकी

वैद्यकीची पदवी पदरीं पडल्यावर आम्हीं सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पत्करला, तेव्हां आमच्या तीर्थरूपांनीं एकच प्रश्न केला : "मग पाटी कोठें लावावयाची?" कल्याण स्टेशनानजीक एक गाळा त्यांनीं मनांत नक्की करून ठेविला होता. ज्या विद्येंत रोगी दारीं येत नाहीं, उलट आपणच निरोगी माणसाच्या दारीं जावें लागतें, ती विद्या पोट कशी भरणार, ही त्यांची चिंता अगदींच अनाठायीं होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. आमच्या बालवाचकांच्या आईबापांसही ती पटेल. म्हणून या विद्येंत आम्ही काय शिकलों तें येथें थोडेंसें सांगतों.

पहिल्याच महिन्यांत आम्हांस १८५४ सालची एक गोष्ट शिकविण्यांत आली. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीनें माणसें मरत असतां डॉ. जॉन स्नो यांनीं मृतांचीं घरें मोजलीं, तीं एका सार्वजनिक पंपाभोंवतीं दाटलेलीं आढळलीं, आणि ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. साथ तोंवर ओसरूं लागलीच असावी, हें स्नो यांनीं स्वतःच मान्य केलें. तरी मोजणी खरी ठरली. त्याच वर्षीं १ मे रोजीं आगगाडी आमच्या कल्याणास पोंचली होती. तिच्याबरोबर माणसें आलीं, व्यापार आला, आणि १८९६ सालीं मुंबईंत उद्भवलेला प्लेग याच रुळांवरून देशभर जाईल या भीतीनें कल्याण स्टेशनावर उतारूंची तपासणी सुरू झाली. काखेंत वा जांघेंत गांठ आहे कीं काय हें पाहणारी ती परक्या हातांची चांचपणी लोकांस, विशेषतः स्त्रियांस, किती झोंबली असेल याची कल्पना करावी. प्लेग उंदरांवरील पिसवांमधून पसरतो हें पॉल-लुई सिमाँ यांनीं दाखविलें तें १८९८ सालीं. तोंपर्यंत माणसें तपासलीं गेलीं; धान्याच्या पोत्यांतील उंदीर मात्र बिनतिकीट जात राहिले.

डॉ. आनंदीबाई जोशी याही कल्याणच्याच. जन्म ३१ मार्च १८६५. त्यांचें मूल अवघ्या दहा दिवसांचें होऊन गेलें, आणि त्या दुःखांतून त्यांनीं वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. १८८३ सालीं त्या अमेरिकेस निघाल्या, व मार्च १८८६ मध्यें त्यांनीं फिलाडेल्फियास एम. डी. ही पदवी मिळविली. पुढच्याच वर्षीं २६ फेब्रुवारीस, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, क्षयानें त्यांचा अंत झाला. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालींच दाखविला होता. औषधासाठीं मात्र १९४३ सालच्या स्ट्रेप्टोमायसिनपर्यंत थांबावें लागलें. आज सहा महिन्यांच्या नियमित औषधांनीं साधा क्षय बहुधा बरा होतो, तीं औषधें सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, तरीही माणसें क्षयानें मरतात. औषध असूनही माणूस कां मरतो, हा आमच्या शास्त्राचा अर्धा विषय आहे.

प्रत्यक्ष कामासाठीं आम्हांस कल्याणांतीलच एक चाळ मिळाली. हातांत विजेरी व तक्ता घेऊन घरोघर पाण्याचीं पिंपें पाहावयाचीं, आणि त्यांत डासांच्या अळ्या आहेत कीं नाहींत तें लिहावयाचें. डेंग्यू पसरविणारा एडीस डास गटारांत नव्हे, तर अशा सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांतच वाढतो. अंड्याचा डास व्हावयास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यांतून एकदां सारीं भांडीं रितीं करून कोरडीं करावीं, असा पाठ आहे. अंडीं पिंपाच्या कडेस चिकटून कोरड्यांतही महिनोन् महिने जगतात. नुसतें पाणी ओतून भागत नाहीं, घांसावें लागतें. हा पाठ आम्हीं पहिल्याच दारीं म्हणून दाखविला. आंतल्या आजीबाई शांतपणें म्हणाल्या, "बाळा, हें पाणी ओतून देतें. उद्यां नळ आला नाहीं, तर तूं आणून देणार का?"

यावर आमच्या पुस्तकांत उत्तर नव्हतें. लोक अडाणी म्हणून पाणी सांठवितात, ही समजूत ज्यांच्या घरीं अष्टौप्रहर नळ वाहतो त्यांची. चाळींत तो ठराविक वेळींच येतो, म्हणून सांठवावें लागतें. आम्हीं आजीबाईंसच उपाय विचारला. पिंप ज्या दिवशीं आपोआप तळास जाईल त्या दिवशीं तें घांसावें, एरव्हीं जुन्या धोतराचें दुपदरी फडकें तोंडावर घट्ट बांधावें, असें त्यांनींच ठरविलें, आणि शेजारच्या दोन घरींही सांगितलें.

आठ दिवसांनीं आम्ही पुन्हां गेलों. आजीबाईंच्या पिंपावर फडकें होतें, पलीकडच्यावरही होतें. तिसरें पिंप उघडें. आंत विजेरी धरली तों अळ्या वळवळत होत्या. त्या घरीं बाळंतीण होती, आणि होतीं नव्हतीं तीं सारीं फडकीं बाळाकडे लागलीं होतीं. आमच्या तक्त्यांत या कारणास रकाना नव्हता. तें आम्हीं समासांत लिहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं घरून एक जुनें पातळ घेऊन गेलों.