डब्याच्या गावातला भोपळा

पिओरियाहून इलिनॉय नदीचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात मॉर्टन लागतं. गाव लहान आहे, पण अमेरिकेत डबाबंद होणाऱ्या भोपळ्याचा बहुतांश भाग इथल्या एका कारखान्यातून बाहेर पडतो. लिबीजचा हा डबा नोव्हेंबरात देशभरातल्या दुकानांत ढिगाने रचलेला असतो. मॉर्टन स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतं आणि १९६७ पासून दर सप्टेंबरात भोपळ्याचा उत्सव भरवतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही या भागात आलो, आणि इथला भोपळा मला आधी डब्यातच भेटला.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. शेजारच्या आजी, त्यांचा मुलगा, सून, नातू आणि आम्ही चौघं एकत्र जेवतो. आम्ही अंडं खातो पण मांस खात नाही, त्यामुळे टर्की त्यांची आणि बाकीचे पदार्थ आमचे, अशी वाटणी आपोआप झाली. ते बाकीचे पदार्थ मी इथल्या रीतीप्रमाणे शिकले. बुधवारी संध्याकाळी डबे ओट्यावर मांडायचे आणि एकेक उघडायचा. भोपळ्याचा गर, आटवलेलं दूध, मशरूमचं सूप, फरसबी, मका, क्रॅनबेरीची जेली. तासाभरात सगळं ओव्हनमध्ये. चवीबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पण मला चुकल्यासारखं वाटायचं. सांगलीला आमच्याकडे दिवाळीच्या आधी चार दिवस भाजणीचा वास दारातून बाहेर यायचा. आई, काकू, आत्या, सगळ्यांचे हात पिठात. फराळ ताटात यायच्या कितीतरी आधी दिवाळी घरात आलेली असायची. इथे सण एकदम टेबलावर यायचा. म्हणून ठरवलं की हेच पदार्थ करायचे, त्यांच्याच पद्धतीचे करायचे, पण डबा न उघडता.

भोपळ्यापासून सुरुवात केली, कारण तो शेजारच्या शेतात होता. हॅलोविनला कोरायचा केशरी, गोल भोपळा इथे सगळीकडे दिसतो, पण तो पायसाठी कामाचा नाही. त्याचा गर पातळ, पाणचट आणि दोऱ्यांचा. कारखान्याच्या डब्यात जातो तो डिकिन्सन जातीचा भोपळा लांबट असतो आणि त्याची साल फिकट, मातकट पिवळी असते. मॉर्टनच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याच्या मांडवात तो मिळाला. घरी आणून सुरी घातली तर आत घट्ट, जाड, गडद गर, आणि तो वास! मी नवऱ्याला हाक मारली, "अहो, वास घेऊन बघा." त्यांनी घेतला आणि म्हणाले, "घारगे." पुढे वाचल्यावर कळलं की हॅलोविनचा भोपळा कुकुर्बिटा पेपो या जातीचा, तर डिकिन्सन कुकुर्बिटा मोशाटा या. आपला लाल भोपळाही मोशाटाच. इतकी वर्षं परका समजून मी ज्याचा डबा उघडत होते, तो आमच्या परसातल्या वेलाचा सख्खा होता.

गर करायला वेळ लागतो, कष्ट फारसे नाहीत. भोपळा उभा चिरून बिया काढायच्या, तुकडे पालथे घालून ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर तासभर भाजायचे. सालीला सुरकुत्या पडल्या की चमच्याने गर सुटतो. मग खरं काम. गरात पाणी फार असतं, आणि ते राहिलं तर पाय जमत नाही, तळ ओला राहतो. मी तो मलमलच्या फडक्यात चक्क्यासारखा रात्रभर टांगून ठेवला. खालच्या पातेल्यात चांगलं दोन वाट्या पिवळं पाणी जमलं. त्याचं सार केलं. उरलेला गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतला, उलथनं फिरवल्यावर मागे वाट राहील इतका. डब्यातला गर एकसारखा, गुळगुळीत आणि जरा करडी छटा असलेला असतो. हा दाणेदार होता, आणि त्याला गोडी होती जी साखरेची नव्हती.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण उत्साहाच्या भरात कुणी करून बसेल. भोपळ्याचा गर घरी बरण्यांत हवाबंद करून ठेवू नये, असं अमेरिकेचं कृषी खातं स्पष्ट सांगतं. गर इतका दाट असतो की उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत पुरेशी पोचेलच याची खात्री नसते, आणि तिथे बॉट्युलिझमचे जंतू तग धरू शकतात. कारखान्यातली यंत्रं जे करतात ते घरच्या ओट्यावर होत नाही. मी गर सव्वाचारशे ग्रॅमच्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवला. एका डब्यात साधारण तेवढाच असतो, आणि इथल्या सगळ्या पाककृती डब्याच्या मापावर बेतलेल्या आहेत.

पायला लागतं साडेतीनशे मिलिलिटर आटवलेलं दूध. तेही डब्यातलंच वापरण्याचा रिवाज, आणि का ते दूध आटवताना उमजलं. साधं दूध घातलं तर अंड्याचं मिश्रण सैल जमतं आणि पाणी सोडतं. निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवलेल्या दुधाने ते दाट, मऊ होतं. पाऊण लिटरहून थोडं जास्त दूध पसरट पातेल्यात ठेवलं आणि कडेची साय आत लोटत राहिले. हे काम मला कुणी शिकवावं लागलं नाही. मात्र साखर शेवटपर्यंत घातली नाही आणि वेलचीला हात लावला नाही. पायचे मसाले ठरलेले: एक चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा लवंग. थोडं जायफळ किसलं, ते इथेही चालतं. सगळं आमच्याच मसाल्याच्या डब्यातलं. ते खलबत्त्यात कुटून घातलं, पण बासुंदी होऊ दिली नाही. दुसऱ्याच्या सणाचा पदार्थ करताना त्याची चव त्याचीच राहावी, असं मला मनापासून वाटतं.

पारीसाठी मात्र हाताला नवीन सवय लावावी लागली. शंकरपाळ्याला कडकडीत मोहन घालतात. इथे उलट, लोणी बर्फासारखं गार हवं आणि मैद्यात ते पूर्ण मिसळू द्यायचं नाही. वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. ओव्हनच्या उष्णतेने ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ पदर उचलते आणि पारी पापुद्र्यांची होते. म्हणून हात गार, पाणी गार, आणि मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. पाय आधी पंधरा मिनिटं कडक आचेवर, मग आच उतरवून चाळीस-पन्नास मिनिटं. कडा जमलेल्या आणि मध्य किंचित हलणारा दिसला की बाहेर. तो मध्य गार होताना आपोआप जमतो.

क्रॅनबेरी सगळ्यांत सोपी. विस्कॉन्सिन आमच्या उत्तरेलाच, आणि देशातलं निम्म्याहून जास्त पीक तिथलं. शरद ऋतूत ताज्या फळांच्या साडेतीनशे ग्रॅमच्या पिशव्या सगळीकडे मिळतात. एक कप पाणी, एक कप साखर, फळं घालून उकळायचं. ती तडतड फुटतात, कारण प्रत्येक फळात हवेचे चार कप्पे असतात. त्या हवेमुळेच ती पाण्यावर तरंगतात आणि शेतकरी वाफ्यात पाणी सोडून तरंगती फळं गोळा करतात. पेक्टिन भरपूर असल्याने दहा मिनिटांत मिश्रण घट्ट व्हायला लागतं. जास्त शिजवलं तर तेच पेक्टिन सैल पडतं. आजींच्या नातवाला जेली डब्याच्या आकाराचीच लागते, गोल कापता येणारी. म्हणून मिश्रण गाळून उभट स्टीलच्या ग्लासात ओतलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. गरम पाण्यात ग्लास क्षणभर बुडवून उलटा केला तर जेली अखंड खाली आली. गोल चकत्या पडल्या आणि त्याने त्या आवडीने खाल्ल्या.

मक्याचं काम ऑगस्टातच करून ठेवलं होतं. आमच्या आजूबाजूला नजर पोचेल तिथवर मका आहे, पण तो जनावरांच्या खाद्यासाठी आणि इथेनॉलसाठी. खायचा गोड मका थोड्या वाफ्यांत, आणि तो जुलै-ऑगस्टात येतो. कणसं चार मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग दाणे अर्धेच कापायचे आणि सुरीच्या पाठीने कणीस खरवडायचं. त्यातून जे दूध निघतं, त्यातल्या पिठूळपणाने मका शिजताना आपला आपण दाट होतो. डब्यातल्या क्रीम कॉर्नला जी दाटी येते ती इथे काही न घालता येते. मक्याचा कीस केलेल्या हाताला हे पहिल्या कणसालाच जमलं.

आता फरसबी, जिच्यावर या जेवणातलं माझं सगळ्यांत जास्त मन गुंतलं. न्यू जर्सीतल्या कॅम्डनच्या कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात १९५५ साली डॉर्कस रायली यांनी हा पदार्थ बसवला. फरसबी, मशरूम सूपचा डबा, दूध आणि वर विकतचा तळलेला कांदा. तो इतका रुजला की आज थँक्सगिव्हिंगचं टेबल त्याच्याशिवाय अपुरं वाटतं. डब्यातली फरसबी खाकी आणि गिळगिळीत होते, कारण आंबटपणा नसलेली भाजी सुरक्षित करायला तिला दाबाखाली पाण्याच्या उकळबिंदूहून जास्त तापवावं लागतं, आणि त्यात हिरवा रंग टिकत नाही. मी ताजी फरसबी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून गार पाण्यात काढली. मशरूम लोण्यात परतले. आधी ते पाणी सोडतात, ते आटू द्यायचं, मग खरपूस रंग येतो, आणि सगळी चव त्या रंगात असते. त्यावर मैदा भाजला, दूध थोडं थोडं घालत गुठळ्या मोडल्या. कांदा पातळ चिरून, मैद्यात घोळवून बेताच्या आचेवर तळला. हवा त्या रंगाच्या जरा आधीच काढला, कारण बाहेरही तो रंग चढवत राहतो. ट्रे ओव्हनमधून निघाला तेव्हा घरात कांद्याचा आणि लोण्याचा वास भरला होता आणि मुलं स्वयंपाकघरातून हलत नव्हती.

आजींनी सगळं चवीने खाल्लं, पाय दोनदा घेतला. फरसबीवर मात्र थांबल्या. म्हणाल्या, "छान आहे. पण माझ्या आईची वेगळी होती." मग सांगायला लागल्या. त्यांची आई शेतावरची. उन्हाळाभर टोमॅटो, घेवडे, पीच, सगळं काचेच्या बरण्यांत भरायचं, भट्टीसारख्या स्वयंपाकघरात, प्रेशर कुकर ठेवून, हिवाळ्याच्या बेगमीसाठी. सूपचा डबा घरात आला तेव्हा आईला पहिल्यांदा सणाच्या दिवशी पाहुण्यांबरोबर बसून जेवता आलं. आजींच्या तोंडात जी चव होती ती आईच्या त्या बसण्याची होती. मी जिला सोपी वाट समजत होते, ती एका बाईला उशिरा मिळालेली विश्रांती होती. हे ऐकून माझा विचार बदलला नाही. ताज्या फरसबीची चव चांगलीच आहे आणि मी ती तशीच करणार. पण त्यांना म्हटलं, "पुढच्या वर्षी तुमच्या आईची तुम्ही करा, सूपचा डबा घालूनच. दोन्ही ट्रे शेजारी ठेवू."

त्या हसल्या आणि विचारलं, बरण्या भरायला शिकायचंय का. त्यांच्या तळघरात आईच्या बरण्या अजून आहेत. टोमॅटोपासून सुरुवात करायची, प्रत्येक बरणीत लिंबाचा रस घालायचा, नाहीतर आंबटपणा कमी पडतो. काच पुन्हा पुन्हा चालते, पण झाकणाची चकती दर खेपेला नवी लागते. ती मी जुलैतच आणून ठेवणार आहे.