घडीची वही

शाळेत इंग्रजीच्या वहीचं पान मधोमध दुमडलं की दोन रकाने तयार व्हायचे. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. घडीवर पान मागे वळवलं की अर्थ झाकला जायचा. संध्याकाळी आई भाकरी थापता थापता माझं पाठांतर घ्यायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मराठी वाचता यायचं. डावा रकाना माझ्याकडे, उजवा तिच्याकडे, अशी वही आमच्या दोघींच्या मध्ये उभी असायची. मी शब्द वाचून अर्थ सांगायचे आणि ती आपल्या बाजूला पाहून मान हलवायची. अडले तर लगेच सांगायची नाही. “आठव,” म्हणायची.

मराठी माध्यमात तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं; पहिलीपासून ते आलं २००० साली. बाई प्रत्येक नवा शब्द चौरेघी वहीत दहा-दहा वेळा लिहायला लावत. त्यानं स्पेलिंग पक्कं झालं, याचं श्रेय बाईंना द्यायलाच हवं. पण लिहिताना हात चालायचा आणि मन अंगणात असायचं. फर्गस क्रेक आणि एन्डेल टल्व्हिंग यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच फरक मोजला आहे. शब्द मोठ्या अक्षरांत आहे का, त्याचं अमुक शब्दाशी यमक जुळतं का, तो या वाक्यात बसेल का, असे प्रश्न त्यांनी विचारले. वाक्यात बसतो का हे ज्या शब्दांबाबत ठरवावं लागलं, ते लोकांना जास्त आठवले. नुसतं अक्षरांचं रूप पाहिलेले शब्द लवकर निसटले.

सातवीत बाईंनी मुंबईच्या मामाला इंग्रजीत पत्र लिहायला सांगितलं. मामाला कळवण्यासारखी एकच मोठी बातमी घरात होती: म्हैस व्याली होती आणि रेडी झाली होती. पाठ्यपुस्तकात यातलं काहीच नव्हतं. शाळेतली वीरकरांची डिक्शनरी मागून आणली, शब्द शोधले, दोन-तीन पर्यायांतला कुठला घ्यावा यावर बाईंशी बोलले. त्या पत्रातले शब्द घडीच्या वहीत मी लिहिलेसुद्धा नव्हते. ते आजही माझ्यापाशी आहेत.

याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. बातिया लाउफर आणि यान हुल्स्टाइन या दोन भाषा-संशोधकांनी २००१ साली मांडलं की परभाषेतला शब्द किती टिकेल हे तो शिकताना आपल्याला काय करावं लागलं यावर ठरतं. त्यात ते तीन गोष्टी पाहतात: त्या शब्दाची गरज होती का, तो शोधावा लागला का आणि इतर शब्दांशी ताडून त्याची पारख करावी लागली का. त्यांनी इस्राएल आणि नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांना तेच १० इंग्रजी शब्द तीन तऱ्हांनी दिले. काहींनी समासात अर्थ दिलेला उतारा वाचला, काहींनी गाळलेल्या जागा भरल्या, काहींनी ते शब्द वापरून स्वतः लिहिलं. दोन्हीकडे स्वतः लिहिणाऱ्यांना सर्वांत जास्त शब्द आठवले. गाळलेल्या जागांचा फायदा मात्र इस्राएलमध्ये स्पष्ट दिसला, नेदरलँड्समध्ये नाही.

पुढे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकताना याचा पडताळा मला रोज येत होता. समासात अर्थ छापलेला उतारा मी भराभर वाचायचे, सगळं समजायचं आणि आठवड्याभरात त्यातलं फारसं उरायचं नाही. जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगं आहेत, पण आपली आणि त्यांची जुळतीलच असं नाही. वाचताना लिंगाकडे कानाडोळा करता येतो. लिहायला बसलं की प्रत्येक नामापाशी थांबून ठरवावंच लागतं, आणि त्या थांबण्यातच नाम पक्कं होतं.

आता मी जर्मनीला जाऊ पाहणाऱ्या नर्सना शिकवते. बीड, कोल्हापूर, नांदेडकडच्या मुली. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्या शब्दांची छापील यादी मागतात. मी त्यांना वॉर्डातलं रोजचं काम देते. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला ‘ओव्हर’ द्यायचा, जर्मनमध्ये: रक्तदाब किती, ड्रेसिंग कधी बदललं, लघवी किती झाली, रात्री झोप लागली का. समोरची मुलगी लिहून घेते आणि तिला कळलं नाही तर पुन्हा विचारते. चुकीचा शब्द गेला तर पेशंटला चुकीचं औषध जाईल, हे त्यांना मला सांगावं लागत नाही. त्या वॉर्डात काम करून आलेल्या असतात. गरज त्यांच्याकडे माझ्यापेक्षा किती तरी जास्त आहे.

तरी एकदा दिलेल्या ओव्हरवर मी विसंबत नाही. कीथ फोल्स यांना २००६ साली आढळलं की नव्या शब्दाचं एक वाक्य स्वतः रचण्यापेक्षा त्याच शब्दासाठी तीनदा रिकाम्या जागा भरलेल्या जास्त उपयोगी पडल्या. म्हणजे शब्द पुन्हापुन्हा आठवून काढण्याला स्वतःचं बळ आहे. कार्पिकी आणि रोडिगर यांनी २००८ साली विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द शिकवले. एकदा बरोबर आलेला शब्दही जे पुन्हा आठवून पाहत राहिले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आले; ज्यांनी आठवणं सोडून दिलं त्यांना चाळीस टक्क्यांच्याही खाली. आणि किती लक्षात राहील याचा सर्वांचा आधीचा अंदाज जवळपास सारखाच होता! वाचून ‘येतंय’ असं वाटणं किती फसवं असतं हे मुलींना पटवायला मी हा प्रयोग नेहमी सांगते.

म्हणून छापील यादी मी देते, पण ओव्हर देऊन झाल्यावर, शेवटच्या तासाला. ज्या शब्दांपाशी अडखळल्या त्यांवर त्या खुणा करतात आणि तेवढेच वहीत उतरवतात. पान मधोमध दुमडायचं हे मी दाखवते. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत दोघी-दोघी समोरासमोर बसतात. जर्मन न येणारी आई किंवा धाकटा भाऊ व्हिडिओ कॉलवर उजवा रकाना पाहून पाठांतर घेतो, असंही काही जणी सांगतात. त्यांना मी एवढंच सांगून ठेवते की घरच्यांनी उत्तर लगेच सांगू नये.