वाचवलेले दोनशे युरो

आमच्या कागलला रेल्वे नाही. पुणे-बंगळूर हायवे आहे, एसटी डेपो आहे, पंचतारांकित एमआयडीसी आहे. रेल्वे पकडायची तर वीसेक किलोमीटरवर कोल्हापूर. कोल्हापूर-मिरज लाईन १८९१ साली सुरू झाली. कोल्हापूरच्या स्टेशनाला ज्यांचं नाव आहे ते शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले, पण गाडी काही कागलपर्यंत आली नाही. अठरा वर्षांचा होईपर्यंत मी रेल्वेत बसलोच नव्हतो.

आता मी म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर लिहितो, आणि इथल्या रेल्वेचं तिकीट स्वस्तात कसं काढायचं यावर आमच्या मराठी ग्रुपमध्ये माझा शब्द शेवटचा असतो.

गणित तसं सोपं आहे. लांब पल्ल्याच्या आयसीई गाडीचं तिकीट विमानासारखं असतं. दोन-तीन महिने आधी काढलं तर म्युनिक-बर्लिन वीसेक युरोतही मिळून जातं, आयत्या वेळी तेच शंभराच्या वर जातं. स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. ती चुकली की तिकीट गेलं. पण पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर बंधन सुटतं आणि कुठल्याही गाडीत बसता येतं. तासाभराच्या उशिराला २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के पैसे परत. आणि सगळ्यात लाडकं म्हणजे डॉइचलँड-तिकीट. मे २०२३ मध्ये आलं तेव्हा महिन्याला ४९ युरो, २०२५ मध्ये ५८. देशभरातल्या लोकल आणि साध्या गाड्या, बस, ट्राम, सगळं त्यात. फक्त आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. आणि दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

२०२४ च्या मे महिन्यात आई-पप्पा आले. पप्पा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. स्टेशनात आत जायला गेट नाही, तिकीट बघायला माणूस नाही, हे बघून ते पहिल्या दिवशी अस्वस्थ झाले. "आन् फुकट बसणाऱ्याचं काय?" सापडला तर साठ युरो दंड, म्हटल्यावर जरा बरं वाटलं त्यांना.

दोघांना ४९ वालं तिकीट काढून दिलं. मग बर्लिन ठरलं. आयसीईनं चारेक तास, तिघांचे मिळून दोनशे युरो. साध्या गाड्यांनी नऊ-दहा तास, पण खिशातून एक सेंट नाही. मी अर्थातच साध्या गाड्या निवडल्या. न्यूर्नबर्ग, साल्फेल्ड, लाइप्झिग अशा बदलत बदलत. साल्फेल्डला गाडी बदलायला सात मिनिटं होती. एकटा असताना मला सात मिनिटं भरपूर होतात.

आमची गाडी नऊ मिनिटं उशिरा पोचली. पुढची डोळ्यांसमोर निघून गेली. बॅगा घेऊन जिना उतरा, दुसऱ्या बाजूचा चढा, एवढं करून हाताशी तासाभराची वाट बघणं आलं. आईनं बाकावर चपाती-चटणी सोडली. पप्पा उभेच.

"बसा की."

"बसूनच आलोय की मगापासनं."

ते पाणी आणायला गेले तेव्हा आई हळूच म्हणाली, "गुडघा सुजलाय त्यांचा. बसलं की उठवत न्हाई. तुला सांगणार न्हाईत ते."

त्या बाकावर मला २०१४ आठवलं. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आम्ही दोघं मुंबईला गेलो होतो. माझी पहिलीच रेल्वे. माझा बर्थ दाखवून पप्पा म्हणाले, "झोप तू. मला पलीकडच्या डब्यात जागा हाय." मी सकाळपर्यंत झोपलो. त्यांनी रिझर्व्हेशन एकच काढलं होतं आणि स्वतः जनरल डब्यात दाराशी बसून आले होते, हे आईनं मला फार नंतर सांगितलं.

तेव्हा त्यांनी त्रास स्वतःकडे ठेवून पैसे वाचवले होते. मी त्यांच्या गुडघ्यावर वाचवत होतो. आणि मला वाचवायची गरजही नव्हती. शिक्षणाचं कर्ज कधीच फिटलंय. सवय तेवढी राहिली होती, आणि तिला मी हुशारी समजत होतो.

बर्लिनला रात्री पोचलो. परतीची आयसीईची तीन तिकिटं मी तिथूनच काढली. दोनशे सत्तर युरो.

गाडीत पप्पांनी विचारलं, "किती पडलं?"

"साठ."

"बघू."

मोबाईल दिला. आयुष्यभर तिकिटं फाडलेला माणूस, भाषा न कळताही आकडा कुठे असतो ते त्यांना कळतं. बघितलं, मोबाईल परत दिला, काही बोलले नाहीत. पुढे डब्यातल्या पडद्यावर ताशी ३०० किलोमीटर आलं, तेव्हा म्हणाले, "डबल बेल कोण देतं रं हिला?" आई हसली.

थोड्या वेळानं, खिडकीतून बाहेर बघतच, "साठ म्हणालास न्हवं?"

"हं."

"मी बी तुला जागा हाय म्हणालो हुतो."

मग पाय समोर लांब करून ते न्यूर्नबर्गपर्यंत झोपले.